उडी गेली, उंची उरली: वय झालेल्या सेंटरने रिंगखाली टिकायचं कसं?

जुना_सेंटर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी इंदूरचा. शाळेपासून बास्केटबॉलमध्ये सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून खेळलो, कारण वर्गात सगळ्यात उंच होतो आणि सरांनी दुसरं काही विचारलंच नाही. सहा फूट दोन. आपल्याकडे तेवढ्यावर भागायचं. पुढे नोकरी, संसार, आणि आता पंचेचाळिशी उलटल्यावर रविवारी सकाळी पुन्हा कोर्टवर. बरोबरीचे निम्मे बॅडमिंटनकडे वळले, त्यांच्या जागी कॉलेजची पोरं आली. पोरं गुणी आहेत, काका-काका करतात, आणि काका हुक (वळून एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट) टाकायला वळले की मागून येऊन चेंडू कंपाउंडबाहेर पाठवतात.

उडी गेली हे मान्य. पूर्वी रिबाउंडला (चुकून उसळलेल्या चेंडूसाठी) हवेत असायचो, हल्ली टाचा उचलतो एवढंच. पण दम बरा आहे, अंगात जोर आहे, चेंडू हातात नीट बसतो. तर अशा माणसाने रिंगखाली टिकायचं कसं? 'बाहेर उभे राहून थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारा' हा सल्ला नको, तो घरी मुलगा देतोच. माझं म्हणणं असं की सेंटरला जागा मिळते ती आधी पोचल्यामुळे, उडी नंतरची गोष्ट. पण म्हणणं असून भागत नाही, चेंडू पोरं नेतात.

काडीपेटी
सोपं आहे. शनिवारी रात्री पोरांना सराफ्यात न्या. गराडू, जलेबी, रबडी, पोट फुटेस्तोवर. रविवारी कोण उडतंय बघू.

पलासिया_पॉइंट
भिया, ती पोरं सराफा पचवूनही उडतील. सकाळी अॅसिडिटी काकांना होईल.

डबल_पिव्हट
आधी हुकचं बघू. मागून ब्लॉक होतोय म्हणजे उशीर होतोय. जुने सेंटर चेंडू घेतात, एक टप्पा मारतात, पाठीने रेटतात, मग वळतात. तेवढ्यात फसलेला पोरगा परत जागेवर येतो, शिवाय मदतीला दुसरा येतो. टप्पाच काढून टाका. चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि वळण्याआधी एकदा खांद्यावरून मागे नजर. माणूस उजव्या बाजूला टेकलाय की डाव्या, हे पाठीला कळतं. तो जिथे टेकलाय त्याच्या विरुद्ध वळा, आणि वळतानाच चेंडू सुटला पाहिजे. थांबून नेम धरलात की संपलं.

मग रिंगचा आडोसा. समोरून ले-अप (रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला चेंडू) टाकला तर ब्लॉक करणाऱ्याला सगळं आभाळ मोकळं असतं. रिंगखालून पलीकडे निघून उलटा टाकला तर त्याचा हात आणि चेंडू यांच्यामध्ये रिंग आणि जाळी येते. उंच उडणाऱ्यालाही तिथे हात आवरावा लागतो.

आणि फेक, म्हणजे शॉट मारल्याचं सोंग. नुसते हात वर-खाली केले की पोरं हसतात. चेंडू कपाळापर्यंत न्या, नजर रिंगवर, पण गुडघे वाकलेलेच ठेवा. गुडघे सरळ झाले तर तुम्हाला परत बसून उठावं लागणार, तोवर तो खाली उतरलेला असतो. गुडघे वाकलेले असले तर तो वर असताना तुम्ही निघता. एनबीएतल्या (अमेरिकेची लीग) टिम डंकनचे शेवटचे हंगाम काढून बघा. २०१४ ला ३८ व्या वर्षी त्याने पाचवं अजिंक्यपद घेतलं. वर उडून केलेलं फारसं काही सापडणार नाही. बाजूला साधारण ४५ अंशांवर उभा राहायचा आणि बोर्डावरच्या चौकोनाचा वरचा कोपरा धरायचा.

जुना_सेंटर
डबल_पिव्हट, टप्प्याचं अगदी बरोबर पकडलंत. हात आपोआप टप्पा मारतो. इतक्या वर्षांची सवय.

बडोदेकर_गार्ड
सल्ला नको म्हणालात तरी देतोय, राग नसावा. ब्रुक लोपेझ. सात फुटी, रिंगकडे पाठ करून खेळणारा जुन्या वळणाचा सेंटर. पहिल्या आठ हंगामांत मिळून ३१ थ्री मारले, पडले ३. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, एकट्याने १३४ घातले. पुढे २०२१ ला मिलवॉकीबरोबर अजिंक्यपद. अल हॉरफर्डचंही तसंच: तरुणपणी थ्रीच्या वाटेला फारसा जायचा नाही, आणि २०२४ ला बोस्टनबरोबर जिंकला तेव्हा वय ३८.

थ्री पडण्यापेक्षा मोठा फायदा असा की तुमच्यावरचा उडणारा पोरगा रिंग सोडून तुमच्यामागे बाहेर येतो. तुम्ही काही न करता आतली जागा मोकळी होते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे जागाच महत्त्वाची ना? मग ही पण जागाच आहे, संघासाठी.

जुना_सेंटर
मुद्दा बिनतोड आहे, पण आमचं कोर्ट उघड्यावर. मे महिन्यात वारं सुटलं की तिथून मारलेला चेंडू बोर्डाच्या मागे जातो. थ्रीच्या रेषाही दोन आहेत, ६.२५ मीटरची जुनी आणि ६.७५ ची नवी, दोन्ही अर्धवट पुसलेल्या. कुठली धरायची यावर दर रविवारी भांडण.

काडीपेटी
जी जवळ असेल ती आपल्यासाठी, लांबची पाहुण्यांसाठी. होळकरांच्या काळापासूनचा नियम आहे.

निवृत्त_शिट्टी
नियम २०१० नंतर बदलले आणि पेंटही (रिंगसमोरचा आखलेला भाग) बदलला. पूर्वी खाली रुंद होत जाणारा होता, आता सरळ चौकोनी आहे, ४.९० मीटर रुंद. जुन्या रेषांवर खेळत असाल तर धागाकर्त्यांचंच नुकसान होतंय: त्या रुंद पेंटमुळे तीन सेकंदांच्या भीतीने (हल्ला करणाऱ्याला पेंटमध्ये त्याहून जास्त थांबता येत नाही) सेंटरला रिंगपासून लांब उभं राहावं लागायचं. नवीन चौकोनी पेंटमध्ये खालच्या बाजूला बरंच जवळ उभं राहता येतं. आधी चुना आणून रेषा आखून घ्या.

बचावाचं सांगतो. टीव्हीवर एनबीए बघून लोकांना वाटतं की बचावातही तीन सेकंदांत पेंट सोडावा लागतो. तो नियम २००१-०२ पासून तिथला. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय महासंघाचे) नियम, त्यात बचाव करणाऱ्याला तशी मुदत नाही. पळवत नाही अशा सेंटरला याहून मोठी सवलत काय हवी? रिंगसमोर उभे राहा आणि दोन्ही हात सरळ वर ठेवा. तुम्ही तुमच्या जागेवर सरळ असाल आणि पोरगा अंगावर येऊन आपटला तर फाउल तुमचा नाही. हात पुढे वाकले की मात्र तुमचा. वय झालेल्या सेंटरचे निम्मे फाउल याच वाकलेल्या हातांचे असतात. आयुष्यभर हेच शिट्टी वाजवून सांगत आलो. रिंगखालचा १.२५ मीटरचा अर्धगोल तेवढा लक्षात ठेवा, त्यात उभं राहून चार्ज (अंगावर आपटणाऱ्याचा फाउल) मागू नका.

रिबाउंड_राणी
सगळ्यांनी शॉटबद्दल लिहिलं, रिबाउंडबद्दल कोणीच नाही. मी विद्यापीठाकडून खेळलेय. आमच्या खेळात रिंगच्या वर कोणी जातच नव्हतं, त्यामुळे मुलींना पाय आधी शिकवायचे, उडी सर्वांत शेवटी. पुरुषांना ते उलट शिकवतात आणि मग पंचेचाळिशीत असे धागे निघतात. (कृपया हलके घ्या.)

दादा, शॉट सुटला की तुम्ही कुठे बघता? पैज लावते, चेंडूकडे. सगळेच बघतात. तिथेच हरता. आधी आपला माणूस शोधायचा, कोपरापासूनचा हात आडवा करून त्याच्या छातीला लावायचा, मग वळून बसायचं. अक्षरशः बसायचं, त्याच्या मांड्यांवर, कंबर त्याच्या कंबरेच्या खाली. आता तो कितीही उडो, त्याला सरळ वर जाता येत नाही, तुमच्या पाठीवरून यावं लागतं, आणि आला तर फाउल त्याचा. तुम्ही चेंडू पकडला नाही तरी चालेल. तो एक टप्पा जमिनीवर पडू दे, तुमच्या गार्डला (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याला) उचलू दे.

शिवाय चेंडू कुठे पडणार हे बऱ्यापैकी आधी कळतं. कोपऱ्यातून मारलेला चुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. लांबून मारलेला लांब उसळतो. तुमच्या संघातला कोण नेहमी तोकडा मारतो, कोणाचा मागच्या कडेला लागतो, हे तुम्हाला पाठ असणार. पोरांना नसतं. ते चेंडू वर गेल्यावर ठरवतात, तुम्ही तो हातातून सुटताना ठरवा.

पलासिया_पॉइंट
ताई, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

नायडूभक्त
इंदूरचा धागा आणि वयाचा विषय, तरी कर्नल सी. के. नायडूंचं नाव नाही? १८९५ चा जन्म. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या काळात. ६१ व्या वर्षी १९५६-५७ ला उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना ६८ व्या वर्षी. आणि तुम्ही पंचेचाळिशीत रडताय.

काडीपेटी
नायडूसाहेबांच्या डोक्यावरून कॉलेजचा पोरगा चेंडू हिसकावत नव्हता.

नायडूभक्त
बाउन्सर डोक्यावरूनच जातो. असो, धागा हायजॅक करत नाही.

ग्वाल्हेरी_गजक
ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्याकडे शारीरिक शिक्षणाचं मोठं संस्थान आहे, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. मीही त्यातलाच समजा.

नायडूंचा दाखला हवाच असेल तर बास्केटबॉलमधला देतो. करीम अब्दुल-जब्बार, १९८५ ची अंतिम मालिका, वय ३८. पहिल्या सामन्यात बोस्टनने लेकर्सना १४८-११४ असं धुतलं. करीम १२ गुण, ३ रिबाउंड. सगळे म्हणाले, संपला. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण आणि १७ रिबाउंड घेतले, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. खेळला ४२ व्या वर्षापर्यंत. त्याचा स्काय हुक उडीवर नव्हताच. बचाव करणाऱ्याच्या आणि चेंडूच्या मध्ये त्याचं अख्खं शरीर, वरून सरळ केलेला हात. बरं, माणूस कित्येक वर्षं योगासनं करायचा.

पण माझा लाडका साबोनिस. तरुणपणी सोव्हिएत संघात खेळताना धावायचा, उडायचा, १९८८ ला सोलमध्ये सुवर्णपदक. एनबीएच्या पोर्टलंड संघाने १९८६ लाच निवडला होता, प्रत्यक्षात गेला १९९५ ला, तिशी गाठून. तोवर टाचेची शीर (अकिलीस टेंडन) तुटून पाय कामातून गेल्यासारखे. त्याने काय केलं? फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर चेंडू घेऊन उभा राहायचा आणि पास द्यायचा. पाठीमागून, डोक्यावरून, कुठूनही. आत धावणाऱ्याला चेंडू मिळतोच आहे म्हटल्यावर सगळे धावतात. आता योकिच तेच करतो. तो म्हातारा नाही, पण त्याच्या उडीखालून जेमतेम वर्तमानपत्र सरकेल, तरी तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

सुदामानगरी
जरा स्पष्ट बोलतो. लोपेझ, करीम, साबोनिस, सगळे सात फुटांच्या आसपासचे किंवा वरचे. त्यांची उडी गेली तरी हात रिंगपाशीच असतो. आमचे धागाकर्ते सहा फूट दोन. त्यांची उडी गेली म्हणजे भांडवलच गेलं. त्यांना या लोकांचे दाखले देणं म्हणजे चाळीतल्या माणसाला राजवाड्याची देखभाल कशी करायची ते शिकवणं.

आणि काही गोष्टी भरून निघतच नाहीत, तेही कोणी लिहीत नाही. चेंडू गेला की परत धावणं. समोरच्या रिंगखाली रिबाउंडसाठी घुसलात आणि तो मिळाला नाही, तर पलीकडे चार विरुद्ध पाच. पोरगा तोवर ले-अप टाकून परत आलेला असतो. माझा सल्ला असा की समोरच्या रिंगवरचा रिबाउंड सोडून द्या. शॉट सुटला की मागे वळा. कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण संघाचे गुण वाचतात.

ग्वाल्हेरी_गजक
उंचीचा मुद्दा मान्य. पण वेस अन्सेल्ड सहा फूट सात इंचांचा, सेंटर म्हणून सात फुटींशी खेळला. पदार्पणाच्या हंगामातच, १९६८-६९ ला, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला लागायच्या आत डोक्यावरून अर्ध्या कोर्टापलीकडे पास फेकायचा. परत धावायचा प्रश्नच नाही, त्याच्या आधी चेंडू पोचायचा. स्क्रीन (साथीदारासाठी बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहणं) अशी की आपटलेला माणूस विचारायचा, भिंत कोणी बांधली.

रिबाउंड_राणी
सुदामानगरी, परत धावण्याचं पटलं. समोरच्या रिंगवरचा पूर्ण सोडावा हे नाही पटलं. जवळ असाल आणि माणूस आधीच पाठीवर असेल तर जा. लांब असाल तर वळा. सरसकट नियम कशाला?

टाच_गुडघा_कंबर
पेशाने फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे माझी चिंता वेगळी. वयाबरोबर ताकदीपेक्षा स्फोटक जोर लवकर कमी होतो. म्हणून धागाकर्ते म्हणतात तसं अंगात जोर असतो आणि उडी नसते. यात नवल नाही आणि लाजही नाही. लाज बाळगून जे लोक पुन्हा उडी 'कमवायला' जातात ते माझ्याकडे येतात. टाचेची शीर तुटण्याचे कितीतरी रुग्ण तीस ते पन्नाशीतले, आठवड्यातून एकदा खेळणारे. सहा दिवस खुर्ची, सातव्या दिवशी सिमेंटचं कोर्ट.

उडी वाढवायच्या मागे लागू नका. पोटऱ्यांचं काम करा: पायरीच्या कडेला चवड्यावर उभे राहून टाच हळूहळू खाली सोडायची, घाई नाही. खुर्चीतून एका पायावर उठणं-बसणं. कंबर फिरवण्याचे व्यायाम, कारण रिबाउंड_राणीताईंनी सांगितलेलं 'बसणं' कंबर आखडलेल्या माणसाला जमतच नाही, तो नुसता पुढे वाकतो. आणि खेळायच्या आधी अंग गरम करा. कोर्टाच्या बाहेर बूट बांधत गप्पा मारणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. टाचेत सकाळी पहिल्या पावलाला कळ येत असेल तर रविवार सोडा आणि दाखवून घ्या.

पलासिया_पॉइंट
इंदुरात खेळायच्या आधी पोहे आणि खेळल्यावर पोहे. यातला कुठला वॉर्म-अप?

टाच_गुडघा_कंबर
आधीचे बंद करा. शेव तर नकोच.

काडीपेटी
शेव नको म्हणणारा माणूस इंदूरचा असूच शकत नाही. संपादक मंडळाने दखल घ्यावी.

वाचनमात्र_मी
पहिलाच प्रतिसाद. मी त्या 'कॉलेजच्या पोरां'पैकी आहे, म्हणजे या काकांच्या कोर्टवरचा नाही, पण तसाच. आमच्याकडेही एक काका आहेत. खरं सांगू का, त्यांच्या शॉटची आम्हाला भीती नाही. भीती त्यांच्या बोलण्याची. मागे उभे राहून सतत ओरडतात: डावीकडे स्क्रीन, मागे कापतोय, सोड, बदल. त्यांच्या संघातली आमच्यासारखीच पोरं अचानक जागेवर सापडायला लागतात. स्वतः काका तीन पावलंसुद्धा हलत नाहीत. आणि सुरुवातीलाच, आम्ही धावत येत असतानाच, रिंगसमोर जागा पकडून हात वर करून बसतात. मग मागून कितीही उडा, चेंडू आधीच त्यांच्याकडे.

डबल_पिव्हट
+१. हे शत्रुपक्षाकडून आलंय म्हणून जास्त मोलाचं. धावता खेळ चालू असतानाच जागा पकडायची. बचाव लागायच्या आधी पोस्ट (रिंगजवळची जागा) मिळाला तर अर्धं काम झालं. त्यासाठी मात्र पहिली चार-पाच पावलं जीव तोडून धावावं लागतं, नंतर चालत गेलात तरी चालेल.

जुना_सेंटर
मंडळी, धागा वर काढतोय. मधले रविवार तुमचे सल्ले घेऊन उतरलो. जे झालं ते सांगतो.

रिबाउंडला माणूस शोधणं सगळ्यात लवकर जमलं. पोरं चिडली, एकाने 'काका ढकलतात' अशी तक्रारही केली, म्हणजे चांगलं चाललंय. चेंडू माझ्या हातात पूर्वीपेक्षा जास्त येतो असं नाही, पण त्यांच्या हातात जाणं खूप कमी झालं. फ्री थ्रो रेषेवर उभं राहून पास देणं तर मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आमचा एक बुटका गार्ड पूर्वी मला चेंडूच द्यायचा नाही, आता आधी मला शोधतो.

हुक अजून अडकतो. टप्पा काढला, तरी डावीकडे वळायचं अंगवळणी पडत नाही आणि उजवीकडे वळतो हे पोरांना पाठ झालंय. थ्री मारत नाहीच, बडोदेकरांची क्षमा मागून. सुदामानगरींचं ऐकून मागे धावतो. खेळाची मजा थोडी गेली, पण पराभव कमी झाले.

आणि फेक! मागच्या रविवारी माझे हुक अडवणाऱ्या एका पोराला उडवला. डावा खांदा, चेंडू कपाळापर्यंत, गुडघे वाकलेले, सगळं शिकवल्याप्रमाणे. तो वर गेला. मी उजव्या पायावर टेकून डावा पाय त्याच्या बाजूने पुढे टाकला, मग उजवा पाय शेजारी आणून नीट उभा राहिलो, आणि निवांत बोर्डावर ठेवला. तो खाली आला तोवर चेंडू जाळीतून पडत होता.

रिबाउंड_राणी
वा! फोटो काढला असता कोणी तर.

निवृत्त_शिट्टी
अभिनंदन. तो ट्रॅव्हल (चेंडू हातात धरून जादा पाऊल टाकल्याचा दोष) आहे. उजवा पाय पिव्हट (जागेवर टेकून ठेवायचा पाय) होता, तो उचलायला हरकत नाही, पण परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा. तुम्ही पाय शेजारी आणून 'नीट उभे राहिलात'.

जुना_सेंटर
साहेब, रविवारी आमच्याकडे रेफ्री नसतो.

निवृत्त_शिट्टी
कोर्ट कुठलं आणि किती वाजता, ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.

काडीपेटी
काका, करू नका.